राष्ट्राध्यक्षांची सही कुठवर चालते?

१९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी डोनाल्ड ट्रम्प यांनी एका घोषणापत्रावर सही केली. एच-वन-बी या परदेशी कुशल नोकरदारांसाठीच्या व्हिसावर माणूस अमेरिकेत आणायचा तर कंपनीने १ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये भरायचे, आणि अंमल रविवारपासून. सोमवारी घटस्थापना होती. सणाला घरी निघालेल्यांपैकी काहींनी प्रवास रद्द केला. भारतात आलेल्यांना कंपन्यांचे निरोप गेले की मिळेल त्या विमानाने परत फिरा. शनिवारी व्हाइट हाऊसने खुलासा केला की ही रक्कम फक्त नव्या अर्जांना लागू आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. तोवर अनेक घरांनी रात्र जागून काढली होती.

अमेरिकेसारख्या देशात एक माणूस एका सहीने हे करू शकतो का, हा प्रश्न तेव्हा खूप जणांनी विचारला. उत्तर हवं असेल तर या एकाच व्हिसाशी जोडलेले तीन वेगवेगळे कागद पाहायला हवेत.

पहिला कागद म्हणजे कायदा. या व्हिसाची वर्षाची मर्यादा ६५ हजार, आणि अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. हे आकडे अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ठरवलेले आहेत. राष्ट्राध्यक्ष कितीही लोकप्रिय असो, यात एकाचीही भर त्याला घालता येत नाही. नोकरीच्या वर्गातल्या ग्रीन कार्डांमध्ये, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यांमध्ये, कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, ही भारतीयांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणारी अटही कायद्यातलीच. ती काढण्याचं विधेयक २०१९ मध्ये काँग्रेसच्या एका सभागृहाने, प्रतिनिधीगृहाने, ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. २०२० च्या डिसेंबरात दुसऱ्या सभागृहाने, सिनेटनेही मंजूर केलं, पण बदल करून. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधी त्या काँग्रेसची मुदत संपली आणि सगळं पाण्यात गेलं.

दुसरा कागद म्हणजे नियम. एच-वन-बीवर असलेल्याच्या जोडीदाराला काही अटींवर नोकरी करता येते, ती २०१५ पासून. हा कायदा नाही. होमलँड सिक्युरिटी या अंतर्गत सुरक्षेच्या खात्याने केलेला हा नियम आहे. असा नियम करायचा तर १९४६ च्या एका कायद्याप्रमाणे आधी मसुदा जाहीर करावा लागतो, लोकांची मतं मागवावी लागतात, त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि मग अंतिम रूप द्यावं लागतं. नियम रद्द करायलाही हीच वाट. म्हणून ट्रम्प यांच्या पहिल्या सरकारने हा नियम काढणार असं सांगितलं, तरी त्यांची चार वर्षं संपेपर्यंत तो निघाला नाही.

तिसरा कागद म्हणजे ते घोषणापत्र. १९५२ च्या स्थलांतर कायद्यात एक कलम आहे: परदेशी माणसांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला, तर राष्ट्राध्यक्ष तो थांबवू शकतो किंवा त्यावर निर्बंध घालू शकतो. सही या कलमाच्या आधाराने झाली. म्हणून ती दोन दिवसांत लागू होऊ शकली. पण तिला बारा महिन्यांची मुदत होती, आणि या कलमातून एवढी मोठी रक्कम वसूल करता येते का, असं विचारत काही आठवड्यांतच दावेही दाखल झाले.

अमेरिकेचं कार्यकारी मंडळ समजून घ्यायला माझ्या मते यापेक्षा चांगली सुरुवात नाही. सही तीच, हात तोच. तिच्या खाली कुठला कागद आहे यावर तिचं बळ ठरतं.

आता थोडं मागे जाऊ. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसलेल्यांच्या मनात दोन भीती होत्या. एक राजाची, कारण इंग्लंडच्या राजाशी लढून ते नुकतेच मोकळे झाले होते. दुसरी दुबळेपणाची, कारण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या व्यवस्थेत कायदे अमलात आणणारं वेगळं कार्यकारी मंडळच नव्हतं, आणि राज्यांकडून कर गोळा करणंही जमत नव्हतं. व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ म्हणत होते की सत्ता एका माणसाकडे देणं म्हणजे राजेशाहीचं बीज पेरणं. तीन जणांचं मंडळ असावं. अखेर एकच माणूस ठरला. पहिला माणूस जॉर्ज वॉशिंग्टनच असणार हे जवळपास सर्वांनी गृहीत धरलं होतं, त्याचाही यात वाटा होता. घटनेचं दुसरं कलम त्यातून आलं. राष्ट्राध्यक्ष सैन्याचा सरसेनापती असेल, तह करेल, नेमणुका करेल, माफी देईल आणि कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होते की नाही ते पाहील, एवढंच ते सांगतं. बाकीचं सगळं पुढच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत भांडून, निभावून, कोर्टात जाऊन ठरत आलं आहे.

आपल्याला संसदीय पद्धतीची सवय असल्यामुळे इथे गोंधळ होतो. आपल्याकडे राष्ट्रपती राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान सरकारचे प्रमुख. तिथे दोन्ही पदं एकाकडे. आपल्या पंतप्रधानांना लोकसभेचं बहुमत टिकवावं लागतं; तिथे अविश्वास ठराव नाही, चार वर्षं म्हणजे चार वर्षं. त्याची दुसरी बाजूही आहे. आपल्या पंतप्रधानांमागे लोकसभेचं बहुमत असतंच, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासमोर कित्येकदा विरोधी पक्षाची काँग्रेस बसलेली असते, आणि त्यातून सुटका नसते.

मंत्रिमंडळही वेगळं. पंधरा खाती आणि त्यांचे पंधरा प्रमुख, पण त्यातला एकही काँग्रेसचा सदस्य असू शकत नाही. घटनेचीच मनाई आहे. मार्को रुबिओ जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा त्यांना फ्लोरिडाची सिनेटची जागा सोडावी लागली. आपल्याकडे उलटं आहे: मंत्री झालात तर सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचे सदस्य व्हा. शिवाय तिथलं मंत्रिमंडळ मत देऊन राष्ट्राध्यक्षाला बांधू शकत नाही. सगळ्यांनी नाही म्हटलं आणि त्याने हो म्हटलं, तर निर्णय हो.

ही पंधरा खाती आणि इतर केंद्रीय संस्था मिळून लष्कर सोडूनही सुमारे वीस लाख कर्मचारी आहेत. राष्ट्राध्यक्ष बदलला की त्यातल्या साधारण चार हजार जागांवर नवी माणसं येतात, आणि त्यातल्या हजाराहून अधिक पदांना सिनेटची मंजुरी लागते. एकेकाळी जवळपास सगळीच खिरापत होती. निवडणुकीत काम केलं की नोकरी. १८८१ मध्ये चार्ल्स गिटो नावाच्या, नोकरी न मिळालेल्या माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळ्या घातल्या, आणि दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, गुणवत्तेवर भरती करणारा कायदा आला. आज सामान्य अमेरिकी माणसाचं पेन्शन, विमानांची सुरक्षा, औषधांची मान्यता हे सगळं ज्यांच्या हातात आहे ते बहुतेक लोक कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने निवडलेले नाहीत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ही माणसं कोण काढू शकतं, आणि फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेसारख्या स्वायत्त संस्थांच्या प्रमुखांना राष्ट्राध्यक्ष मनाला येईल तेव्हा हटवू शकतो का, यावर १९२६ आणि १९३५ च्या दोन निकालांपासून वाद चालू आहे.

कायदे करण्यात राष्ट्राध्यक्षाचा वाटा शेवटच्या पायरीवरचा. विधेयक आलं की रविवार सोडून दहा दिवस. सही करायची किंवा नकाराधिकार वापरून परत पाठवायचं. मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळाली तरच ते त्याच्या विरोधाला न जुमानता कायदा होतं. इतकी मतं क्वचितच जमतात, त्यामुळे नकाराधिकाराची नुसती धमकीही चालते. पण विधेयकातली नको ती ओळ खोडून बाकीच्यावर सही करण्याची मुभा नाही. १९९६ मध्ये काँग्रेसने तशी मुभा दिली होती, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आणखी एक फरक. आपल्याकडे संसदेचं अधिवेशन नसताना राष्ट्रपती वटहुकूम काढतात आणि काही काळ त्याला कायद्याचंच बळ असतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार नाही. तो कार्यकारी आदेश काढतो, म्हणजे आपल्याच खात्यांना काय करा आणि कसं करा ते सांगतो. हॅरी ट्रुमन यांनी १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद असाच एका आदेशाने मोडला. सैन्य त्यांच्या हुकमतीत होतं, काँग्रेसला विचारायची गरज नव्हती. याच ट्रुमन यांनी चार वर्षांनी मर्यादा ओलांडली, आणि ती गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

१९५२. कोरियात युद्ध चालू. पोलाद कामगारांची संघटना ९ एप्रिलपासून संपावर जाणार होती. पोलाद थांबलं तर तोफा आणि दारूगोळा थांबेल, म्हणून ८ एप्रिलच्या रात्री ट्रुमन यांनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि देशातले मोठे पोलाद कारखाने ताब्यात घ्यायचा आदेश वाणिज्यमंत्र्यांना दिला. संप ऐंशी दिवस लांबवण्याची सोय १९४७ च्या कामगार कायद्यात होती. ती त्यांनी वापरली नाही. तो कायदा करताना कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार द्यावा का, यावर काँग्रेसने विचार करून तो नाकारला होता. कंपन्या कोर्टात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले होते. तरी २ जून १९५२ रोजी सहा विरुद्ध तीन असा निकाल गेला: हा अधिकार ना घटनेत आहे, ना कुठल्या कायद्यात. ट्रुमन यांच्या विरोधात मत देणाऱ्या सहांत टॉम क्लार्क होते, जे त्यांच्याच सरकारात ॲटर्नी जनरल होते. युद्ध चालू असताना सैन्याच्या सरसेनापतीने त्याच दिवशी कारखाने मालकांना परत दिले. संप झाला आणि त्रेपन्न दिवस चालला.

त्या निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं मत आजही प्रत्येक मोठ्या वादात उघडलं जातं. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने संमती दिली असेल तर राष्ट्राध्यक्षाची सत्ता सर्वांत भक्कम, कारण त्याचे अधिकार अधिक काँग्रेसचे अधिकार अशी बेरीज होते. काँग्रेस गप्प असेल तर धूसर पट्टा, तिथे परिस्थितीवर ठरेल. आणि काँग्रेसने नको म्हटलेलं तो करत असेल तर सत्ता सर्वांत क्षीण.

ही मांडणी मला पटते, पण तिची एक मर्यादा विसरता कामा नये. फेब्रुवारी १९४२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. आदेशाला काँग्रेसने महिनाभरात कायद्याचं पाठबळ दिलं. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. म्हणजे जॅक्सन यांच्या भाषेत सर्वांत भक्कम पायरी, आणि तरीही घोर अन्याय. त्या निकालाविरुद्ध मत लिहिणाऱ्या तीन न्यायाधीशांत जॅक्सनही होते. देशाने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले ते १९८८ मध्ये, रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने. कागद पक्का असणं आणि निर्णय न्याय्य असणं या दोन गोष्टी आहेत.

आता आयात शुल्काकडे येऊ, कारण ते आपल्या अंगावर आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर २५ अधिक २५ असं पन्नास टक्के शुल्क लागलं आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतल्या दागिन्यांच्या निर्यातदारांपर्यंत त्याची झळ पोचली. घटनेत कर आणि आयात शुल्क ठरवण्याचा अधिकार सरळ काँग्रेसला दिला आहे. मग राष्ट्राध्यक्षाने ते कसं लावलं? तर काँग्रेसनेच वेळोवेळी कायदे करून काही अधिकार त्याच्या हाती सोपवले आहेत. १९६२ चा कायदा राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने, १९७४ चा अनुचित व्यापाराच्या नावाने, आणि १९७७ चा आर्थिक आणीबाणीच्या नावाने. भारतावरचं ते शुल्क शेवटच्या कायद्याच्या आधारावर होतं. त्या कायद्यात आयातीचं नियमन करण्याचा उल्लेख आहे, आयात शुल्काचा नाही. गावाकडची जमीन सांभाळायला भावाला मुखत्यारपत्र दिलं, तर त्यावर तो जमीन विकू शकतो का? वाद नेमका याच जातीचा. मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हाही सगळा युक्तिवाद त्या जुन्या कायद्यातल्या शब्दांभोवती फिरला. हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. जो बायडन यांनी शैक्षणिक कर्ज माफ करण्यासाठी २००३ च्या एका कायद्याचा आधार घेतला होता. योजना सुमारे ४०० अब्ज डॉलरची होती. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढा अर्थ त्या कायद्यातून निघत नाही.

युद्धाच्या बाबतीत कागद आणि व्यवहार यांतलं अंतर सर्वांत जास्त आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, आणि काँग्रेसने शेवटचं युद्ध पुकारलं ते १९४२ मध्ये. त्यानंतरचं कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान हे सगळं युद्धघोषणेविना झालं. कधी काँग्रेसने ठराव करून परवानगी दिली, कधी तेवढंही नाही. व्हिएतनामच्या अनुभवाने पोळलेल्या काँग्रेसने १९७३ मध्ये रिचर्ड निक्सन यांचा नकाराधिकार मोडून कायदा केला: सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवा, आणि परवानगी मिळाली नाही तर ६० दिवसांत ते मागे घ्यायला लागा. पण २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटले तेव्हा बराक ओबामा यांच्या सरकारने या हवाई कारवाया कायद्याच्या अर्थाने लढाईच नाहीत, असा युक्तिवाद केला. न्यायालयं या वादात सहसा पडत नाहीत, त्यामुळे इथे राष्ट्राध्यक्षाला अडवणारं फारसं कोणी उरत नाही. मला हे धोकादायक वाटतं.

माफीचा अधिकार असाच जवळपास निरंकुश. त्याला कोणाची संमती लागत नाही. फक्त केंद्रीय कायद्याखालचे गुन्हे माफ करता येतात, राज्यांच्या कायद्याखालचे नाही, आणि महाभियोग माफ करता येत नाही. १९७४ मध्ये जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना खटला उभा राहण्याआधीच माफ केलं. बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या मुलाला माफी दिली. पुढच्याच महिन्यात ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटलवरच्या, म्हणजे संसद भवनावरच्या, हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली.

मग लगाम कुठे आहेत? पैशाची थैली काँग्रेसकडे आहे. तिने मंजूर केल्याशिवाय खजिन्यातून डॉलर निघत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ४३ दिवस सरकारचं कामकाज ठप्प झालं ते त्यामुळेच. मंजूर झालेला पैसा राष्ट्राध्यक्ष अडवूनही ठेवू शकत नाही. निक्सन यांनी तसं केल्यावर १९७४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, आणि तो वाद ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत पुन्हा पेटला. न्यायालयं आहेत, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ठरवलं की पदाच्या मूलभूत घटनात्मक अधिकारात केलेल्या कृतींसाठी माजी राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला चालणार नाही, आणि इतर अधिकृत कृतींनाही निदान प्राथमिक संरक्षण राहील.

महाभियोग हे शेवटचं हत्यार, आणि ते बोथट आहे. प्रतिनिधीगृहात साधं बहुमत पुरतं, सिनेटमध्ये दोन तृतीयांश लागतं. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. १९९८ मध्ये बिल क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये ट्रम्प. सिनेटने एकालाही दोषी ठरवलं नाही. निक्सन गेले ते राजीनामा देऊन. बेळगावात वाढलेले आणि मिशिगनमधून निवडून गेलेले श्री ठाणेदार यांनी एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. मे महिन्यात मतदानाची वेळ आली तेव्हा स्वतःच्याच पक्षातून साथ मिळेना, आणि त्यांना तो आग्रह सोडावा लागला.

राहिला पुढच्या राष्ट्राध्यक्षाचा हात. तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात आणि ती मिळवणं अवघड, म्हणून राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात करार करतात. पॅरिस हवामान करारात ओबामा यांनी २०१६ मध्ये अमेरिकेला असंच नेलं. २०२० मध्ये ट्रम्प यांनी बाहेर काढलं, २०२१ मध्ये बायडन यांनी परत नेलं, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. भारत-अमेरिका अणुकराराची वाट वेगळी होती. मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन जुलै २००५ मधलं. पण अमेरिकेच्या अणुऊर्जा कायद्यातून भारताला सवलत द्यायची, तर काँग्रेसकडे जाणं भाग होतं. २००६ मध्ये एक कायदा झाला, २००८ मध्ये दुसरा. १ ऑक्टोबर २००८ रोजी सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी करार मंजूर केला आणि आठवड्याने बुश यांची सही झाली. त्याला तीन वर्षं लागली. त्यानंतर ओबामा आले, ट्रम्प आले, बायडन आले, पुन्हा ट्रम्प आले. करार लागू आहे.